‘पुरे’ म्हणायला लागलेले पाच आठवडे

ऑक्टोबरचा दुसरा रविवार, दुपारी तीन. स्थळ: शुगर लँड, तुमचीच बैठकीची खोली. उपस्थित: शोभामावशी, विनायकराव, तुमचा निखिल आणि मी. तुमचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं, यावर थोडी चर्चा झाली. शोभामावशी म्हणाल्या, “सरळ अनुपस्थित लिही.” विनायकराव म्हणाले, “छे, त्यांनी आजवर एक सभा चुकवली नाही. रजेवर लिही.” निखिलने माझ्या वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, प्रेसिडेंटचा कॉलम वेगळा आहे ना? मग तिथेच राहू दे ना.” तिथेच राहू दिलं.

काका, तुम्हाला जाऊन पाच दिवस झाले. या पाच दिवसांत मी वेळेवर जेवले आहे, नीट झोपले आहे. शेवटच्या शुश्रूषेसाठी घरी आणलेला हॉस्पिसचा पलंग परत गेला, उरलेली औषधं नर्सने मोजून नेली, तुमच्या फोनची लाइन बंद केली. बायका भेटायला येतात, माझा हात धरतात आणि म्हणतात, “सुटले गं बिचारे.” मी मान डोलावते, पण मला ते मान्य नाही. तुम्ही गेलात म्हणून सुटला नाहीत. तुम्ही ऑगस्टमधेच सुटला होतात आणि त्यानंतरचे सात आठवडे हौसेने जगलात. मला हलकं वाटतंय ते त्या सात आठवड्यांमुळे.

हे मंडळाच्या दिवाळी अंकात छापायचं विनायकरावांनी ठरवलं आहे. त्यामुळे तुम्हाला माहीत असलेल्या काही गोष्टीही इथे लिहाव्या लागतील. कंटाळा करू नका.

एरवी दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी तुमच्याकडे आपलं अभ्यासमंडळ जमायचं. तुम्ही वाचायचात, आम्ही ऐकायचो, मी इतिवृत्त लिहायची आणि पुढच्या सभेत तुम्ही चष्मा वर करून त्यावर सही करायचात. विषय गेली नऊ वर्षं एकच: जर्मन कैसरचा थोरला मुलगा, युवराज, पहिल्या महायुद्धातला सेनापती. एका मराठी पाइपलाइन इंजिनियरने निवृत्तीनंतर टेक्ससमधे बसून त्याचं चरित्र मराठीत का लिहावं, हे मला पहिल्या सभेत कळलं नाही. दुसऱ्या सभेत विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “तो हिंदुस्थानात शिकारीला येऊन गेला होता.”

“काका, शिकारीला खूप जण येऊन गेले.”

“त्यातल्या कुणाला चार वर्षांनी बापाने एक अख्खी आर्मी दिली? वय बत्तीस. त्याआधी घोडेस्वारांची एक पलटण सांभाळलेली. आणि वरून सांगितलं, तुझा चीफ ऑफ स्टाफ सांगेल तसं वाग. सेक्रेटरी, असा माणूस मला कळायला हवा.”

तेव्हापासून मी ‘सेक्रेटरी’. ऑफिसात मी प्रोजेक्टची वेळापत्रकं सांभाळते, तिथेही मला कुणी इतक्या हुकमी आवाजात हाक मारत नाही.

आपलं खरं भांडण व्हर्दनच्या लढाईच्या प्रकरणावरून झालं. आठवतंय ना? तुम्ही वाचलंत की फेब्रुवारीत हल्ला सुरू झाला, वसंत ऋतू येईतो युवराजाला मनोमन पटलं होतं की यातून काही निघणार नाही, पण चीफ ऑफ स्टाफला रेटायचं होतं आणि त्याच्या वरच्यांनाही. म्हणून हल्ला ऑगस्टअखेरपर्यंत चालला. तुमचा आवाज त्याच्याबद्दल कळवळला होता. मी मधेच थांबवलं.

“हे त्याच्या मनात होतं, हे आपल्याला कुठून कळलं?”

“त्याने नंतर स्वतः लिहिलंय.”

“नंतर सगळेच लिहितात. त्या वेळी रोजच्या ऑर्डर्सवर सही कुणाची होती?”

“सही त्याची. पण तुला सैन्य कळत नाही.”

“मला सह्या कळतात. मनात ‘पुरे’ आणि कागदावर ‘पुढे चला’. मी याला भित्रा म्हणते.”

शोभामावशी त्या दिवशी पोहे घेऊन आल्या होत्या. त्यांनी बशी तुमच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, “दोघं आधी खाऊन घ्या, मग लढा.” तुम्ही खाल्लंत, पण त्या सभेच्या इतिवृत्तावर पुढच्या महिन्यात सही केली नाहीत. “भित्रा हा शब्द काढ,” म्हणालात. मी काढला नाही. ते पान अजून सहीवाचून आहे.

मग गेल्या डिसेंबरात तुमच्या पोटात कॅन्सर निघाला.

काकू गेल्यापासून तुम्ही एकटे होतात, निखिल फ्रिस्कोला, मधे साडेचार तासांचा रस्ता. मी तीन घरं सोडून राहते. मी यादी केली: कोण कुठल्या दिवशी डबा देणार, कोण ड्राइव्ह करणार, कोणती गोळी कशाबरोबर. फ्रिजवर लावली. निखिल दर दुसऱ्या शुक्रवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. किमोला न्यायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या तीन वेळा तुम्ही गाडीत प्रकरणं सांगत होतात आणि मी फोनवर रेकॉर्ड करत होते. चौथ्या वेळी काही सांगितलं नाहीत. परत येताना हायवेवर खिडकीकडे तोंड करून म्हणालात, “मला आता पुरे झालंय.”

मी एसी कमी केला, म्हणजे नीट ऐकू येईल.

“जिभेला सगळं लोखंडासारखं लागतं. तीन आठवड्यांतले दोन मी माणूस नसतो. पण निखिलला सांगू नकोस. तो आशेवर आहे. एकुलता एक आहे, आई गेली, आता मीही हात टेकले म्हटल्यावर तो काय करेल? सांगणार नाहीस, शब्द दे.”

मी शब्द दिला. जुलैचा पहिला आठवडा होता.

दहा दिवसांनी निखिलचा फोन आला. मी ऑफिसच्या पार्किंगमधे होते. तो नेहमी इंग्रजीत बोलतो आणि गोष्ट जवळची असली की मराठीत येतो. त्या दिवशी पहिल्या वाक्यापासून मराठी होतं.

“ताई, मला नाही वाटत हे चालू ठेवावं. लास्ट टाइम मी बाबाला बाथरूममधे पाहिलं. ही इज सो थिन. पण तो फायटर आहे, त्याला करायचंय. मी स्टॉप म्हटलं तर त्याला वाटेल, आय गेव्ह अप ऑन हिम. प्लीज, त्याला सांगू नकोस हं मी असं म्हणालो.”

मी त्यालाही शब्द दिला.

काका, मी बावन्न वर्षांची बाई आहे. चाळीस माणसांच्या कामाची वेळापत्रकं माझ्या हातात असतात. दोन माणसं एकमेकांसाठी एक नको असलेली गोष्ट करत आहेत आणि दोघंही तिसऱ्याला सांगून मोकळे होत आहेत, एवढं मला त्या पार्किंगमधेच दिसलं. एक फोन पुरला असता. पण आपल्याकडे बापाला दिलेला शब्द, लेकाला दिलेला शब्द, आणि मी कोण दोघांच्या मधे पडणारी. माझ्या सोमवारच्या यादीत मी ओळ घातली: ‘निखिल-काका बोलणे.’ पुढच्या सोमवारी ती पुढच्या पानावर नेली. मग पुन्हा. माझी यादी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे की माझ्याकडे एखादं काम दोनदा पुढे जात नाही. हे पाच वेळा गेलं.

त्या पाच आठवड्यांत तुमची पाचवी किमो झाली. मीच नेलं. त्यानंतर ताप, चार दिवस हॉस्पिटल, त्यातला एक दिवस तुम्ही मला ओळखलं नाहीत.

ऑगस्टच्या सभेला निखिल आला होता. सहावी किमो पुढच्या बुधवारी होती. सरळ बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून मी अजेंडाचा आडोसा घेतला. मुद्दा क्रमांक दोन: ‘युवराजाला थांबावंसं वाटत होतं, तर त्याने बोलायला हवं होतं का?’ मला वाटलं, हा मुद्दा आला की दोघं एकमेकांकडे बघतील आणि पुढचं आपोआप होईल. निखिलला मुद्दाम तुमच्यासमोरच्या खुर्चीत बसवलं.

काही झालं नाही! तुम्ही दोघंही इंजिनियर. प्रश्न व्हर्दनचा विचारला, तर उत्तर व्हर्दनचं. तुम्ही उशीला टेकून बसलात आणि तोफांच्या रांगा हाताने दाखवायला लागलात. विनायकराव रेल्वेमार्गाबद्दल बोलले. निखिलने फोनवर नकाशा काढला आणि म्हणाला, “बाबा, बट लुक, ही टेकडी घेतल्यावर ते थांबू शकले असते ना?” तुम्ही खूश. “हुशार आहेस! पण मग मागच्या टेकडीवरून मारा येतो.” चाळीस मिनिटं. मी इतिवृत्तात एक ओळ लिहिली नाही. नऊ वर्षांत प्रथमच मला त्या युवराजाचा मनापासून राग आला.

सभा संपली. विनायकरावांनी चहा केला. मी कप गोळा करत होते. तुमचा कप उचलला, त्यात चहा तसाच होता.

“काका, तुम्हाला सहावी किमो नकोय,” मी म्हटलं. “निखिल, तुलाही ती नकोय. तुम्ही दोघांनी मला वेगवेगळं सांगितलंय आणि दोघांनी माझ्याकडून शब्द घेतलाय. मी दोन्ही मोडते आहे. आता तुम्ही बोला.”

निखिल उभा राहिला, मग पुन्हा बसला.

“बाबा? तुला नकोय?”

“तुला हवी होती म्हणून जात होतो.”

“मला? बाबा, मी तुझ्यासाठी, आय थॉट यू वॉन्टेड इट!”

“अरे गाढवा, कुणाला हवी असते ती?”

शोभामावशी चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं बाई! आणि मी डॉक्टर असून आठ महिने तोंड शिवून बसले, की घरच्यांचा निर्णय आहे, आपण कशाला बोला.”

मग तुम्ही हसायला लागलात. खोकला येईपर्यंत हसलात, निखिलने पाणी दिलं, पाणी पिऊन परत हसलात. निखिल रडत होता आणि हसतही होता, आणि त्याने तुमचा पाय हातात धरून ठेवला होता. विनायकराव दारातून विचारत होते, “हे इतिवृत्तात घ्यायचं का?”

“घ्या,” तुम्ही म्हणालात. “ठराव एकमताने मंजूर. सेक्रेटरी, लिही.”

लिहिलं. तुम्ही त्या पानावर जागच्या जागीच सही केलीत, पुढच्या सभेची वाट न बघता.

त्यानंतरचे सात आठवडे मी कुणाला कसे समजावून सांगू? किमोचा असर उतरल्यावर तुमच्या जिभेला चव आली. पहिल्यांदा तुम्ही काय मागितलंत, तर लिंबाचं गोड लोणचं आणि साधा भात. निखिलने ऑफिसातून रजा काढली आणि तो लॅपटॉप घेऊन इथेच राहायला आला. ऊन तापायच्या आत, साडेसात ते नऊ, मागच्या पॅटिओवर तुमचं डिक्टेशन. युवराज हद्दपार होऊन एका डच बेटावर राहतो, ते प्रकरण. तिथल्या गावच्या लोहाराकडे तो काम शिकला आणि घोड्यांचे नाल ठोकायला लागला, हे सांगताना तुमचा चेहरा फुलायचा. “बघ, जन्मात प्रथम स्वतःच्या हाताने काहीतरी केलं.” निखिलला नाल कसे घडवतात त्याचे व्हिडिओ शोधायला लावलेत. तुम्ही दोघं एका फोनवर डोकी टेकवून लोहारकाम बघत बसायचात. मी मधे दोनदा गोळ्यांची वेळ सांगितली, कुणी लक्ष दिलं नाही.

पुस्तक तुम्हाला तिथेच संपवायचं होतं, नाल घडवणाऱ्या युवराजावर. मला ते मान्य नव्हतं.

“पुढे परत जाऊन त्याने कुणाला पाठिंबा दिला, ते लिहायचं नाही का? ज्यांनी देश बुडवला, त्यांना त्याने जाहीर मत दिलं.”

“ते दुसरंच पुस्तक आहे.”

“माणूस तोच आहे.”

तुम्ही दोन दिवस माझ्याशी नुसतं ‘हो-नाही’ बोललात. तिसऱ्या दिवशी कपाळाला आठ्या घालून दोन पानं सांगितलीत. चांगली आहेत. तुम्ही नाराजीने लिहिता तेव्हा तुमची वाक्यं छोटी होतात आणि जास्त पटतात. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

एक गोष्ट मात्र सांगितली. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. निखिल फार्मसीत गेला होता. मी तुमच्या शेजारी बसले आणि तारखांसकट सगळं सांगितलं: तुम्ही कधी बोललात, निखिल कधी बोलला, मी किती आठवडे गप्प बसले.

तुम्ही कुंपणाकडे तोंड फिरवलंत. मग विचारलंत, “पाचवी त्यात आली?”

“हो.”

“ते चार दिवसही?”

“हो.”

“आता घरी जा तू,” म्हणालात. आवाज चढवला नाहीत. मी गेले. घरी जाऊन कपाटं आवरली. माझ्याकडे दुसरा उपाय नसतो.

सकाळी सातला फोन वाजला. “सेक्रेटरी, यायचं नाहीये का? शेवटच्या प्रकरणाची तपासणी अडलीये.” आले. तुम्ही प्रकरणाचे कागद मांडीवर घेऊन बसला होतात. वर न बघता म्हणालात, “पाचव्या किमोला मला कुणी फसवून नेलं नाही की बळजबरीने नेलं नाही. मीही गप्प होतो, तोही गप्प होता. तिघांच्या सह्या आहेत त्या कागदावर. तू एकटी कशाला घेतेस?” मग एक पान उलटून म्हणालात, “आणि तू निदान पाच आठवड्यांत बोललीस. माझ्या माणसाला पाच महिने लागले, तेही तो धड बोललाच नाही.”

“म्हणजे भित्रा होता, हे कबूल?”

“ते मी कबूल करणार नाही.”

काका, मला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. तुम्ही माफ केलं म्हणून नव्हे. तुम्ही आधी रागावलात, मला घरी पाठवलंत, आणि मग बोलावलंत, म्हणून. काही न वाटल्यासारखं हसून सोडून दिलं असतंत, तर मला ते पुरलं नसतं.

मग मी विचारलं, निखिलला तुम्ही सांगाल का. तुम्ही कागद खाली ठेवलेत.

“मी नाही सांगणार. मी सांगितलं तर तो माझ्याखातर तुला माफ करेल, आणि मग त्याला कधी नीट रागावता येणार नाही. तुझं तू सांग.”

“हो,” म्हटलं. आठ दिवसांनी, मंगळवारी सकाळी, निखिल तुम्हाला पेपरातली बातमी वाचून दाखवत असताना तुम्ही गेलात. त्याला वाटलं, डोळा लागला. त्याने बातमी शेवटपर्यंत वाचली.

आज सभा संपल्यावर शोभामावशी आणि विनायकराव गेले, आणि निखिल गराजमधे तुमच्या पुस्तकांची खोकी गाडीत भरत होता. मी खोक्यांवर काय काय आहे ते मार्करने लिहीत होते. तो म्हणाला, “ताई, यू नो, तू बोलली नसतीस तर आम्ही सहावी, सातवी करत राहिलो असतो. थँक यू.” मी म्हटलं, ते खोकं जड आहे, दोघं उचलू. मग तो गाडीच्या मागच्या उघड्या टेलगेटवर बसला.

“पण फिफ्थ वन. ती मी थांबवू शकलो असतो ना? मला माहीत होतं ताई, आणि मी त्याला विचारलंच नाही. ते चार दिवस हॉस्पिटलमधे… दॅट्स ऑन मी. आय कीप गोइंग बॅक टू इट.”

ती वेळ होती. त्याहून चांगली वेळ मला कुणी आखून दिली नसती. मी मार्करचं टोपण लावलं, म्हटलं, “असा विचार करू नकोस,” आणि घरी आले.

म्हणून हे लिहायला बसले. पाचव्या किमोचं ओझं तो एकटा घेऊन बसलाय आणि त्यातला माझा वाटा त्याला माहीतच नाही. हा लेख विनायकरावांना बुधवारपर्यंत हवा आहे. निखिलला मराठी सावकाश वाचता येतं, पण वाचता येतं. त्याला हे छापून आलेल्या अंकात कळता कामा नये. तो उद्या सकाळी दहाला फ्रिस्कोला निघतो आहे. मी आठला त्याच्याकडे जाणार आहे. काय बोलायचं त्याचे मुद्दे दोनदा काढले आणि दोन्ही कागद फाडले. निखिलला अजून सांगायचं आहे.